कधी नव्हे तो शहरात बर्फ पडला तर काय करायचं

उष्ण हवामानाच्या शहरात बर्फ पडायला दोन गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. ढगापासून जमिनीपर्यंतची हवा गोठणबिंदूच्या आसपास हवी आणि तिच्यात पुरेसं बाष्पही हवं. एरवी कडक थंडी येते ती कोरडी, आणि दमट हवा येते ती उबदार. म्हणून हा योग कित्येक वर्षांतून एखादाच. मियामीत १९ जानेवारी १९७७ ला बर्फ भुरभुरला, बगदादमध्ये २००८ नंतर थेट २०२० मध्ये पडला, आणि न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर २१ जानेवारी २०२५ ला ८ इंच साचला.

अशा दिवशी माणसं घराबाहेर धाव घेतात, आणि घ्यावीच. मात्र थंड प्रदेशात ज्याची कुणी दखलही घेणार नाही एवढा बर्फ इथे मोठं नुकसान करून जातो, कारण शहर त्यासाठी बांधलेलंच नसतं. पाइप बाहेरच्या भिंतीवरून गेलेले, टाकी गच्चीवर, रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मिठाचा साठा नाही. त्यामुळे अंदाज कळल्यापासून पहिला बर्फ पडेपर्यंतचा वेळ मोलाचा आहे. त्यात आधी पाण्याचं काम उरकून घ्या.

पाण्याचे पाइप

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पण पाइप सहसा बर्फ झालेल्या जागीच फुटतो असं नाही. बर्फाचा बूच बंद नळाच्या दिशेने वाढत जातो, त्या दोघांमध्ये अडकलेल्या पाण्याला वाट उरत नाही, दाब चढत जातो आणि जो सांधा सगळ्यात कच्चा तो सुटतो. म्हणूनच नळ थोडा उघडा ठेवायचा. वाहतं पाणी सहजासहजी गोठत नाही हा त्यातला छोटा भाग. दाबाला वाट मिळते हा खरा उपयोग. उघड्यावरच्या, काहीही न गुंडाळलेल्या पाइपांना साधारण उणे ६ ते ७ अंशांपासून मोठा धोका असतो. वारा पाइपला थेट लागत असेल तर याहून कमी थंडीतही ते गोठतात.

मुख्य व्हॉल्व्ह शोधा आणि तो फिरतो का हे आधीच पाहून घ्या. वर्षानुवर्षं हात न लावलेला व्हॉल्व्ह ऐन वेळी हमखास अडकतो. मग बाहेरचे पाइप गुंडाळा. फोमची नळी मिळाली तर उत्तम, नाहीतर जुने टॉवेल किंवा गोणपाट दोन-तीन पदरी गुंडाळून वरून प्लास्टिक घट्ट बांधा. वरचं प्लास्टिक विसरू नका. कापड एकदा भिजलं की ते ऊब धरत नाही. पाइप वळतो ते कोपर, तीन पाइप जुळतात तो टी आकाराचा सांधा आणि व्हॉल्व्ह, या जागा उघड्या राहतात आणि पाइप तिथेच फुटतो, म्हणून आधी सांधे आणि मग सरळ पाइप. बागेची रबरी नळी काढून ठेवा, तिच्यात राहिलेलं पाणी नळालाही फोडतं.

रात्री मुख्य पाइपपासून सगळ्यात लांबचा नळ, गरम आणि थंड दोन्ही, पेन्सिलीतल्या शिशाएवढी बारीक धार पडेल इतका उघडा ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या बेसिनखालच्या कपाटाची दारं उघडून ठेवा, म्हणजे खोलीची ऊब आत पोचेल. दोन-तीन दिवस पुरेल एवढं पाणी भरून ठेवा. पिण्यासाठी माणशी रोज ४ लिटर धरा, संडासासाठी बादल्या वेगळ्या.

एवढं करूनही पाइप गोठलाच तर नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूने सुरुवात करा आणि हळूहळू गोठलेल्या भागाकडे जा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. हेअर ड्रायर किंवा गरम पाण्यात पिळलेली फडकी पुरतात. कोरड्या जागी उभं राहूनच ड्रायर वापरा. मेणबत्ती, ब्लोटॉर्च, जळता बोळा कधीही नको. प्लास्टिकचा पाइप वितळतो आणि भिंतीतलं लाकूड पेट घेतं. पाणी बंद झालं की गीझरचं बटण बंद करा, रिकाम्या टाकीत कॉइल जळते. आणि हे पक्कं ध्यानात ठेवा, की फुटलेला पाइप गोठलेला असेपर्यंत गळत नाही. ऊन पडल्यावर गळू लागतो, म्हणून वितळायला लागेल त्या वेळी घरात कुणीतरी हवंच.

ऊब

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये वीज गेली तेव्हा थंडीने माणसं दगावली, तशीच कार्बन मोनॉक्साइडनेही दगावली. हा वायू दिसत नाही, वासही येत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. ऊब यावी म्हणून गॅस पेटवून ठेवणं नको. गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून गाडीत बसणं नको, दार उघडं असलं तरी. जनरेटर घरापासून किमान ६ मीटर लांब, धुराचं तोंड खिडकीपासून उलट दिशेला. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी अशी लक्षणं एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांना दिसली तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या आणि मग मदत बोलवा.

२००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपियर ओढतो, आणि साधी एक्स्टेंशन ६ अँपियरची असते. हीटर थेट भिंतीतल्या जाड पिनच्या सॉकेटला लावा आणि पांघरुणापासून एक मीटर लांब ठेवा. सगळं घर तापवत बसू नका. एकच खोली निवडा, दाराखालची फट चिंध्यांनी बंद करा आणि सगळ्यांनी तिथेच झोपा. म्हाताऱ्या माणसांवर नजर असू द्या. हुडहुडी थांबली, बोलणं जड झालं, माणूस बरळू लागला तर तो बरा होत नाहीये, त्याचं शरीर ३५ अंशांखाली गेलेलं असू शकतं. ओले कपडे काढा, छाती-पोट आधी गरम करा आणि दवाखान्यात न्या. हातपाय चोळू नका.

गाडी

गाडी काढूच नका. अटलांटात २८ जानेवारी २०१४ ला जेमतेम दोन-तीन इंच बर्फ पडला. दुपारी सगळी ऑफिसं आणि शाळा एकदम सुटल्या, रस्ते तुंबले, चाकांखालचा बर्फ दबून काचेसारखा झाला, आणि माणसांनी रात्र गाडीत, मुलांनी शाळेत काढली. उन्हाळी टायरचं रबर ७ अंशांखाली कडक होऊ लागतं. बर्फ शून्याच्या जवळपास असताना सर्वांत निसरडा असतो, आणि अशा शहरांत नेमकं तेवढंच तापमान असतं. पुलाला वरून-खालून वारा लागतो, जमिनीची ऊब नसते, म्हणून पूल आधी गोठतात.

नाइलाजच असेल तर टपावरचा बर्फ झाडा, धुराड्याचं तोंड मोकळं करा, आणि काचेवर उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते. घसरलात तर ब्रेक न दाबता पाय सैल सोडा आणि जिकडे जायचंय तिकडे स्टिअरिंग वळवा.

आता बाहेर पडा

पहिल्या दोन-तीन तासांचा ताजा बर्फ मऊ असतो, पायाला पकड देतो. मुलांना घेऊन तेव्हाच जा. रबरी तळाचे, खाचांचे बूट. जाड एका कपड्यापेक्षा पातळ तीन. सुती मोजे नको, कारण ओलं सूत थंडी धरून ठेवतं. लोकरीचे हातमोजे भिजतात, त्यावरून भांडी घासायचे रबरी मोजे चढवा. पावलं छोटी टाका, वजन पुढच्या पायावर ठेवा आणि हात खिशाबाहेर. गोळा करून फेकायला ओलसर बर्फच चांगला, कोरडा वळत नाही. बोटं पांढरी पडून बधिर झाली तर आत येऊन ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात धरा, बर्फाने चोळू नका.

झाडांखाली थांबू नका. उष्ण शहरातली झाडं हिवाळ्यातही पानांनी भरलेली असतात, त्यामुळे पानापानावर बर्फ साचून फांद्या मोडतात. माद्रिदमध्ये जानेवारी २०२१ मध्ये असंख्य झाडं अशीच गेली. पत्र्याच्या शेडखालीही नको. १० सेंटीमीटर ताजा बर्फ चौरस मीटरला सुमारे १० किलो भरतो, तोच ओला असला तर २० ते ३० किलो.

पायऱ्या आणि दारापुढची वाट संध्याकाळच्या आत झाडून काढा, कारण दुपारी वितळलेलं पाणी रात्री गोठून दिसत नाही असा थर तयार होतो आणि हाडं मोडतात ती दुसऱ्या दिवशी सकाळी. ६ मीटर लांबीच्या गाडीवाटेला कॉफीच्या मगाएवढं मीठ पुरतं. साधारण उणे ९ अंशांखाली त्याचा उपयोग नाही, तिथे वाळू टाका. गरम पाणी ओतलंत तर त्याचीच उद्या काच होईल.

कुंड्या भिंतीलगत आणा, माती ओली करा, वरून जमिनीपर्यंत चादर सोडा, पण प्लास्टिक पानांना टेकू देऊ नका. बर्फ गेल्यावर काळी पडलेली पानं लगेच छाटू नका. खालच्या फांद्यांना तीच झाकून ठेवतात. नवे कोंब कुठून फुटतात ते दिसल्यावर त्याच्या वर कापा.