टोमॅटो सुकला? औषध आणण्याआधी ग्लासभर पाणी घ्या

श्रावणात चार दिवस झड लागते, मग कडक ऊन पडतं आणि टोमॅटोच्या ओळीत दोन-तीन झाडं माना टाकतात. आपण कृषी सेवा केंद्र गाठतो, ‘मर आलीय’ म्हणतो आणि बुरशीनाशकाची पुडी घेऊन परततो. पण मर काही फक्त बुरशीच आणत नाही.

आधी सुकलेलं झाड खुरप्यानं खणून काढा. उपटलंत तर बारीक मुळं जमिनीतच राहतात, आणि बघायचं असतं ते तिथेच. मुळांवर गाठी असल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी. (हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी चांगल्या, टोमॅटोवरच्या नव्हेत!) मुळं साफ असतील तर बुडाजवळचा चार बोटं खोडाचा तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासातल्या नितळ पाण्यात त्याचं खालचं टोक बुडवून धरा. हलवू नका. पाचेक मिनिटांत कापातून दुधाळ धागे खाली उतरू लागले, तर तो जिवाणू. पाणी नितळच राहिलं, खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या आणि खालची पानं आधी पिवळी पडली असतील, तर बहुधा बुरशी.

बुरशी असेल तरच त्या पुडीचा उपयोग, तोही शेजारच्या निरोगी झाडांना आळवणी करून, म्हणजे औषधाचं पाणी बुडाशी ओतून. जिवाणूनं सुकलेलं झाड कशानंही उभं राहत नाही. ते मातीसकट पिशवीत भरून शेताबाहेर न्या, पाटात टाकू नका. पाण्याबरोबर रोग पुढच्या सरीत जातो. खुरपं धुऊन घ्या. पुढच्या हंगामात त्या तुकड्यात वांगी, मिरची, बटाटा नको. मका किंवा ज्वारी घ्या. सूत्रकृमीला झेंडू आणि निंबोळी पेंड.

विषाणूची गोष्ट वेगळी. पानं वाटीसारखी वर वळली, झाड खुजं राहिलं, तर हा विषाणू पसरवणारी पांढरी माशी बघा. रोगट झाड काढा, पिवळे चिकट सापळे लावा, रोपवाटिकेला कीडरोधक जाळी लावा. विषाणूवर फवारणीच नाही; फवारायचं ते माशीसाठी.

पानावर हिरवे-पिवळे चट्टे, म्हणजे मोझॅक, दिसला तर मात्र आपलेच हात तपासा. विषाणूचा पहिला सुगावा १८९२ साली लागला तो तंबाखूच्या पानात, आणि तो रोग टोमॅटोलाही होतो. तंबाखू मळलीत, विडी ओढलीत, तर साबणानं हात धुतल्याशिवाय झाडांच्या बांधणीला लागू नका.