कलेजीवर गिरवलेला हात

रेडिओलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी मोमिनपुऱ्यातून बकऱ्याची कलेजी आणायचो. दुकानदाराला वाटायचं, होस्टेलवर पोरांचा सावजीचा बेत आहे. ती जायची सोनोग्राफीच्या प्रोबखाली. लिव्हरमधली कॅन्सरची गाठ मारायला तिच्यात अल्कोहोल टोचतात; ते शिकताना पहिल्या चुका कलेजीवर झालेल्या बऱ्या.

अल्कोहोल लागतं ९५ टक्क्यांच्या वरचं, निर्जंतुक. पेशींतलं पाणी ते ओढून घेतं, प्रथिनं गोठवतं, बारीक रक्तवाहिन्या बंद पाडतं. टोचून झाल्यावर कलेजी कापून बघा. ती जागा पांढुरकी, उकडल्यासारखी घट्ट झालेली दिसेल. पण डाग गोल येत नाही, वाट मिळेल तिकडे पसरतो. सिरॉसिसने व्रण पडून कडक झालेल्या लिव्हरमधली मऊ एचसीसीची, म्हणजे लिव्हरच्याच कॅन्सरची, गाठ अल्कोहोल आत धरून ठेवते. दुसऱ्या अवयवातल्या कॅन्सरमधून पसरत आलेल्या कडक गाठीत मात्र ते नीट मुरतच नाही.

आता छोट्या गाठींना पहिली पसंती आरएफए (रेडिओलहरी) किंवा मायक्रोवेव्हच्या उष्णतेने जाळण्याला. गाठ पित्ताशयाला, आतड्याला खेटून असली, उष्णतेचा धोका वाटला, किंवा खर्च झेपत नसला, की अल्कोहोल आठवतं. आयएनआर आणि प्लेटलेट (रक्त नीट गोठतं का ते), पोटातलं पाणी हे आदल्या दिवशीच बघून ठेवा. पेशंटला टेबलावर झोपवून मग फाइल चाळणारे रेसिडेंट मला अजिबात आवडत नाहीत.

एकूण किती द्यायचं, याचं सूत्र सोपं आहे: गाठीच्या त्रिज्येत अर्धा सेंमी मिळवायचा आणि तेवढ्या गोलाचं घनफळ काढायचं. २ सेंमीच्या गाठीला साधारण १४ मिली येतं. ते एका दमात द्यायचं नसतं, वेगवेगळ्या दिवशी वाटून द्यायचं.

सिरिंजमधला हवेचा बुडबुडा आधी काढा, नाहीतर स्क्रीनवर नुसता पांढरा गोंधळ. २२ गेजच्या सुईचं टोक आधी गाठीच्या खोल कडेला न्या आणि तिथून मागे येत सोडा. वरून सुरुवात केली तर स्क्रीनवर अल्कोहोलच्या पांढऱ्या ढगामागचं काही दिसत नाही. दाबताना नजर त्या ढगावर. तो पित्तनलिकेत किंवा लिव्हरकडे रक्त आणणाऱ्या पोर्टल व्हेनमध्ये सरकताना दिसला, की अंगठा तिथेच थांबला पाहिजे. आणि भाऊ, बधिर करायचं लिग्नोकेन आणि अल्कोहोल दोन्ही पाण्यासारखेच दिसतात. सिरिंज भरल्या भरल्या लेबल लावा.

माझी चूक सुई काढतानाची. सगळं छान झालं म्हणून मी ती लगेच ओढली. सुईच्या वाटेने अल्कोहोल मागे आलं, लिव्हरबाहेर सांडलं, आणि टेबलावरचे पेशंट काका कळवळले. दुखत होतं पोटात आणि उजव्या खांद्यातही. शिकवणाऱ्या मॅडम रागावल्या नाहीत. पुढच्या बैठकीला त्यांनी सुईवरच्या माझ्या हातावर हात ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. पूर्ण एक मिनिट आम्ही तसेच उभे. काकाच टेबलावरून म्हणाले, "डॉक्टर, आज लई येळ लावून राहिले?"