मॉडेल रेल्वेचे फोटो मित्रांना पाठवताना या चुका टाळा

महिनाभर खपून कोणी घाटाचा चढ उभा करतं, बोगद्याच्या तोंडाशी प्लास्टरचा काळा कातळ कोरतं आणि शेवटी ट्यूबलाइटखाली उभ्या उभ्या एक फोटो काढून मित्रांना पाठवतं. पलीकडून दोन अंगठे आणि एक "मस्त!" येतं, आणि विषय संपतो. मित्रांना कामाची कदर नसते असं नाही. फोटोत काम दिसलेलंच नसतं, तर ते बोलणार कशावर?

पुण्यात मॉडेल रेल्वे म्हटलं की कोथरूडमधलं भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आठवतं. १९९८ पासून लोक तिथे जाऊन गाड्या डोळ्यांनी बघतात. आपल्यापैकी बहुतेकांचे लेआउट, म्हणजे रुळांसकट उभारलेले देखावे, मात्र फ्लॅटच्या एका खोलीत, पलंगाखाली सरकवलेल्या फळीवर किंवा गच्चीच्या खोलीत असतात. तिथवर चार जणसुद्धा पोचत नाहीत. बाकीच्यांपर्यंत आपलं काम जातं ते फोटोतूनच, म्हणून त्याकडे नीट लक्ष द्यायला हवं.

दाखवायचंय की विचारायचंय, हे न ठरवणं

माझ्या मते बाकीच्या बऱ्याच चुका या एका चुकीतून येतात. दाखवण्याचा फोटो आणि विचारण्याचा फोटो हे दोन वेगळे फोटो आहेत. दाखवताना गाडी खरी वाटावी, नजर आपल्याला हवी तिथे जावी, उणिवा मागे राहाव्यात. विचारताना नेमकी उणीवच समोर यायला हवी.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे आपला ब्रॉडगेज. खऱ्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणात ते १९.३ मिलिमीटर व्हायला हवं. पण दुकानात मिळणारा एचओ ट्रॅक १६.५ मिलिमीटरचा असतो, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवरून आलेला आहे. त्यामुळे डब्ल्यूडीएम-२ किंवा डब्ल्यूएपी-४ अशा इंजिनाचा फोटो अगदी समोरून काढला की रुंद इंजिन अरुंद रुळांवर उभं असलेलं लगेच डोळ्यांत भरतं. दाखवायचं असेल तर थोडं बाजूने, नाक आणि एक कूस दोन्ही दिसतील असं काढा. बोगीबद्दल (म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीबद्दल) किंवा चाकांबद्दल विचारायचं असेल तर समोरूनच काढा आणि काही लपवू नका.

उभ्याने, वरून फोटो काढणं

फळीपासून अर्धा मीटर वर धरलेला फोन एचओच्या जगात ४३ मीटरवर असतो. म्हणजे आपण चौदाव्या मजल्याच्या गॅलरीतून स्टेशन बघतोय. तिथून छपरं, डब्यांची टपं आणि फळीची कड दिसते. प्लॅटफॉर्म, खडी, डब्यांचे दरवाजे दिसत नाहीत. उभ्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण १.६ मीटरवर असते, एचओमध्ये ती जेमतेम १८ मिलिमीटरवर येते आणि एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० ला, १० मिलिमीटरवर.

इतक्या खाली फोन न्यायचा कसा? उलटा धरून. कॅमेरा फोनच्या वरच्या टोकाला असतो, त्यामुळे फोन डोक्यावर उभा केला की लेन्स थेट रुळांच्या उंचीला येते. फोटो नंतर सरळ करून घेता येतो. तांदळाची छोटी पिशवी शिवून तिला फोन टेकवला आणि तीन सेकंदांचा टायमर लावला तर हातही हलत नाही.

खाली गेल्यावर पुढची अडचण येते ती फोकसची. फार जवळ गेलं की फोनचा मुख्य कॅमेरा इंजिनावर फोकस करू शकत नाही. बऱ्याच नव्या फोनमध्ये अशा वेळी आपोआप मॅक्रो सुरू होतो, म्हणजे कॅमेरा गुपचूप वाइड लेन्सवर जातो. मग इंजिनाचं नाक फुगतं आणि शेवटचा डबा काडेपेटीएवढा दिसतो. ते आपोआप बदलणं सेटिंगमधून बंद करा, एक वीत मागे सरका आणि दोनपट झूमवर काढा.

पोर्ट्रेट मोड तर बंदच ठेवा. पेंटोग्राफच्या (इंजिनाच्या टपावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याच्या) काड्या आणि ओव्हरहेडच्या तारा त्या मोडला नीट ओळखता येत नाहीत, तो त्या अर्ध्यामुर्ध्या पुसून टाकतो. शिवाय लांबून खरी गाडी बघताना पुढचं-मागचं सगळं आपल्याला स्पष्ट दिसतं. मागचं सगळं धुरकट झालं की खेळणं असल्याचा भास तिथेच होतो.

घाटाचा देखावा असेल तर फोन तिरका होणार नाही याची जास्तच काळजी घ्या. कर्जत ते लोणावळा बोरघाटात चढ ३७ ला १ असा आहे. लेआउटवर तो तसाच घेतला, तर ३७ सेंटिमीटरला १ सेंटिमीटर. हा कोन दीड अंशाच्या आसपासच भरतो, म्हणजे फोन दीड अंश कलला की अख्खा घाट सपाट! कॅमेऱ्यात ग्रिडच्या रेघा सुरू करा आणि ओव्हरहेडचा एखादा खांब उभ्या रेघेशी जुळवा. खांब ओळंब्यात आला की चढ आपोआप दिसतो.

वळणावरची गाडी बाहेरून काढू नका, आतल्या बाजूने काढा. खरा एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीचा डबा साडेतेवीस मीटर लांबीचा असतो, म्हणजे एचओमध्ये २७ सेंटिमीटर. आपल्या घरातली वळणं खऱ्या रेल्वेच्या मानाने फार आवळलेली असतात, आणि बाहेरून बघितलं की दोन डब्यांमध्ये खिंडार पडल्यासारखं दिसतं. आतून तेच अंतर मिटतं.

उजेडाकडे दुर्लक्ष

सूर्य एक असतो आणि सावली एकच पडते. दोन ट्यूब आणि एक टेबललॅम्प लावून काढलेल्या फोटोत सिग्नलच्या खांबाला तीन सावल्या पडतात, आणि हा खोलीतला फोटो आहे हे लगेच कळतं. एकच मोठा दिवा एका बाजूला थोडा उंच ठेवा, समोर पांढरा पुठ्ठा उभा करा म्हणजे सावलीतला भाग काळाठिक्कर होणार नाही. फोनचा फ्लॅश वापरू नका.

फोटोत आडवे काळपट पट्टे येत असतील तर फोन बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. डिमर लावलेल्या एलईडी पट्टीने येणारे पट्टे मात्र असे जातीलच असं नाही. त्यासाठी डिमर पूर्ण वर नेऊन बघा.

छोटा डायोरामा, म्हणजे उचलून नेता येईल असा एखादाच देखावा, असेल तर हिवाळ्यात सकाळी गॅलरीत न्या. त्या कोवळ्या उन्हाची बरोबरी कुठलाच दिवा करत नाही. एप्रिल-मे महिन्यात मात्र दुपारच्या उन्हात डबे ठेवून पाणी प्यायलाही आत जाऊ नका, प्लास्टिकचं बॉडीशेल वाकडं होतं.

रंगाबद्दल मत हवं असेल तर चौकटीच्या कोपऱ्यात साध्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा. पिवळ्या दिव्यात निळा रंग हिरवट दिसतो, आणि बघणाऱ्याला दोष दिव्याचा की रंगाच्या डबीचा हे कळत नाही. पांढरा कागद शेजारी असला की लगेच कळतं.

धूळ आणि मागचा पडदा

अर्ध्या मिलिमीटरचा धूळकण एचओमध्ये चार सेंटिमीटरचा दगड होतो. फोटोआधी रंगाच्या मऊ ब्रशने डबे, रूळ, टपं झाडून घ्या, पडलेली माणसं उभी करा, आणि पाठवण्याआधी फोटो स्क्रीनवर मोठा करून कोपरे बघा. मागे दोरीवरचे कपडे नकोत. अप्पा बळवंत चौकात मोठा, फिकट निळा, चमक नसलेला कार्डशीट मिळतो, तो मागे वाकवून उभा केला की आकाश झालं. फ्लेक्सवर छापलेलं आकाश टाळा, त्यावर दिवा चमकतो.

खडीसुद्धा फोटोतच पकडली जाते. खऱ्या रुळाखालची खडी साधारण ५० मिलिमीटरची असते, म्हणजे एचओमध्ये जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा दाणा. चाळून न घेतलेली वाळू डोळ्यांना चालते, जवळच्या फोटोत तिचे धोंडे होतात. आणि आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, गडद करडी असते. परदेशी पाकिटातली पिवळसर खडी घालून खाली "खंडाळा" लिहिलं तर जाणकार आधी तिथेच अडखळतात.

सोबत काहीच न लिहिणं

स्केल, ट्रॅक, डीसी की डीसीसी (गाडी थेट रुळातल्या विजेने चालवता की डिजिटल आदेशांनी), वळणाची त्रिज्या, काय विकत घेतलं आणि काय हाताने केलं: या दोन ओळी पुरतात. आणि काळ लिहा. डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून धावते आहे, जून २०२२ मध्ये तिला एलएचबी डबे मिळाले. नुसतं "माझी डेक्कन क्वीन" लिहिलं तर बघणाऱ्याने कुठल्या काळच्या गाडीशी ताडून बघायचं? "२०२२ च्या आधीचा निळा-पांढरा आयसीएफ रेक" (आयसीएफ म्हणजे एलएचबीच्या आधीचे जुन्या बनावटीचे डबे, रेक म्हणजे डब्यांची अख्खी रांग) असं लिहा, मग डब्यांच्या क्रमापासून खिडक्यांपर्यंत नेमक्या सूचना येतील.

चाळीस फोटो एकदम टाकू नका. एक पूर्ण लेआउटचा, मग दोन-चार जवळचे. दुसऱ्याच्या घरी काढलेले फोटो त्यांना विचारूनच पाठवा आणि काम कोणाचं ते सांगा.

व्हॉट्सॲपवर फोटोचा चोथा होणं

"मूळ फोटोत रिव्हेट मोजता येतात, मित्राकडे चिखल दिसतो" ही तक्रार सगळ्यांची आहे. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू व्हॉट्सॲप साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. १२ मेगापिक्सेलचा फोटो असा दोनच्या आसपास येतो, आणि बारीक अक्षरं, तारा, खडीचे दाणे आधी जातात. ऑगस्ट २०२३ पासून फोटोवर एचडीचा पर्याय आहे, तो दरवेळी निवडा. मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर फोटो "डॉक्युमेंट" म्हणून जोडा. पूर्ण फोटो पाठवण्याऐवजी हवा तेवढाच भाग कापून पाठवला तरी फरक पडतो: सोळाशे पिक्सेल अख्ख्या खोलीवर पसरण्याऐवजी एका बोगीवर खर्ची पडतात. फॉरवर्डचा फॉरवर्ड तर मागवूच नका, ज्याने काढला त्याच्याकडूनच घ्या.

डॉक्युमेंट म्हणून पाठवताना एक सावधगिरी हवी. मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला ते ठिकाण नोंदलेलं असू शकतं, आणि घरी काढलेल्या फोटोत ते ठिकाण म्हणजे तुमचं घर. महागड्या इंजिनांची रांग आणि घराचा पत्ता अनोळखी लोकांपर्यंत एकत्र जायला नको. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा.

आयफोनवाल्यांचे फोटो मित्राच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नसतील तर कॅमेऱ्याच्या फॉरमॅट सेटिंगमध्ये "मोस्ट कम्पॅटिबल" निवडा, फोटो जेपीईजीमध्ये निघतात.

मदत मागताना चुकीचा फोटो

"पॉइंटवर गाडी रुळावरून उतरते, काय करू?" आणि सोबत पॉइंटवर, म्हणजे रूळ दोन दिशांना फुटतात त्या सांध्यावर, उभ्या गाडीचा वरून काढलेला फोटो. त्यात दोष असलेली जागाच गाडीने झाकलेली असते.

आधी गाडी बाजूला करा. फोन रुळांच्या उंचीला आणा आणि दोन-तीनपट झूम करून रुळांच्या रेषेत, लांबवर बघत फोटो काढा. झूममध्ये लांबचं आणि जवळचं अंतर चेपलं जातं, त्यामुळे रुळातला नुसत्या डोळ्यांना न दिसणारा बाक या फोटोत ठळक होतो. दुसरा फोटो जोडाचा, अगदी जवळून, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. तिसरा उतरणाऱ्या डब्याच्या चाकांचा, डबा उलटा करून.

त्याबरोबर स्लो मोशन व्हिडिओ पाठवा. गाडी हळू सोडा, कॅमेरा पॉइंटशेजारी खाली ठेवा. कुठलं चाक आधी चढतं आणि नेमकं कुठे, हे त्यात दिसलं की निम्मं उत्तर मिळालेलं असतं. दिव्याखाली स्लो मोशन लुकलुकतं, म्हणून हा व्हिडिओ खिडकीच्या उजेडात घ्या. लिहून सांगायचं ते एवढंच: उतरणारा डबा दरवेळी एकच असतो की कुठलाही उतरतो? एकच असेल तर त्याची चाकं आणि चाकांमधलं आतलं अंतर तपासायचं. सगळेच एका जागी उतरत असतील तर ट्रॅक. एकाच दिशेला जाताना उतरत असतील तर तेही लिहा.

वायरिंगच्या फोटोत फसगत होते ती डाव्या-उजव्याची. फळीखालून काढलेल्या फोटोत बाजू उलटतात आणि समोरचा माणूस भलत्याच रुळाची वायर बदलायला सांगतो. मास्किंग टेपवर "खिडकीची बाजू", "दाराची बाजू" असं लिहून फळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे चिकटवा, मग काढा. डीसीसीचे आदेश वाचणाऱ्या डिकोडरवरचा क्रमांक वाचता येईल असा एक वेगळा फोटो हवा. आणि तपकीर गल्लीतून आणलेल्या सगळ्या वायर लाल असतील, तर फोटोआधी प्रत्येकीला चिठ्ठी लावा. नाहीतर फोटो कितीही स्पष्ट आला तरी कोणाला काही सांगता येणार नाही.

सल्ल्याप्रमाणे दुरुस्ती झाली की पहिल्या फोटोच्या जागेवरून, तेवढ्याच झूमवर, पट्टी त्याच जोडाशी ठेवून दुसरा फोटो काढा आणि दोन्ही एकत्र पाठवा. ज्याने सुचवलं त्याला आपला अंदाज बरोबर होता का हे कळतं, आणि तोच पॉइंट वापरणाऱ्या दुसऱ्या कोणाला विचारावंही लागत नाही.