बोटीचं जुनं डिझेल इंजिन अडलं तर, फ्युएल पंपाला पाना लावण्याआधी

कोकणातल्या लाकडी आणि फायबरच्या मच्छीमार नौकांवर जुनी डिझेल इंजिनं अजून भरपूर आहेत. काही दोन-तीन सिलिंडरची, काही ट्रकचीच मरीन केलेली सहा सिलिंडरची. त्यांत सेन्सर नाही की कॉम्प्युटर नाही, आणि दोष शोधताना याचाच मोठा फायदा होतो. सेल्फ मारून इंजिन एकदा चालू झालं की पुढे त्याला विजेची गरज उरत नाही. म्हणून चालता चालता मंदावून बंद पडलं तर दोष डिझेलच्या वाटेवर शोधायचा, आणि सेल्फच फिरत नसेल तर विजेच्या वाटेवर. अपवाद एकच. काही फ्युएल पंपांवर विजेचा स्टॉप सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) असतो आणि करंट मिळेपर्यंतच तो डिझेल सोडतो. त्याची तार सुटली तर इंजिन न मंदावता एकदम गप्प होतं.

बंदरात मात्र बऱ्याचदा पहिला पाना पडतो तो फ्युएल पंपाला, म्हणजे नोझलला मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाला. पंप सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी वेळा बिघडणारा भाग आहे. तो सगळ्यात शेवटी.

आधी न खोलता बघायच्या गोष्टी

स्टॉपची केबल पूर्ण परत आली आहे का, ते पंपावरच्या लिव्हरवर बघा. केबिनमधली मूठ आत गेलेली दिसते आणि गंजलेल्या केबलमुळे पंपावरचा लिव्हर अर्ध्यातच अडकलेला असतो. टाकीचा कॉक उघडा आहे का? डिझेल काठी घालून मोजा, गेजवर विसंबू नका.

मग १० सेकंद सेल्फ मारा आणि एकाने एक्झॉस्टकडे बघायचं. धूर अजिबात नाही, म्हणजे सिलिंडरपर्यंत डिझेल पोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. अशा वेळी सेल्फचा वेग कमी आहे का, डिझेलमध्ये पाणी आहे का, हे आधी बघा. कॉम्प्रेशन आणि टायमिंग नंतर. चालू इंजिनाला लोडवर काळा धूर येत असेल तर हवेचा फिल्टर तुंबलाय, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) थेंब टाकतोय किंवा बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) दोरी-जाळं अडकलंय.

एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडलेलं असेल तर आणखी एक काळजी घ्या. इंजिन न पेटता सेल्फ पुन्हा पुन्हा मारला की पाणी सायलेन्सरमध्ये साठत जातं आणि उलटं सिलिंडरमध्ये शिरू शकतं. दोन-तीन प्रयत्नांत पेटलं नाही तर समुद्राचं पाणी आत घेणारा सी-कॉक बंद करून पुढचे प्रयत्न करा, आणि पेटल्याबरोबर तो उघडा.

डिझेलची वाट

टाकी, पाणी वेगळं करणारा फिल्टर, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप, मुख्य फिल्टर, फ्युएल पंप, नोझल, आणि उरलेलं डिझेल परत टाकीत. या वाटेत निम्म्याहून जास्त भानगडी फीड पंपाच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला होतात. तिथे डिझेल ओढलं जातं. पाइपला बारीक चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. त्यामुळे या बाजूचा कोरडा दिसणारा पाइप चांगला असेलच असं नाही. फीड पंपाच्या पुढे दाब असतो, तिथली गळती ओली दिसते आणि लगेच सापडते.

हवेने इंजिन का बंद पडतं? नोझल उघडायला साधारण २०० बारचा दाब लागतो. डिझेल दाबलं जात नाही म्हणून तो दाब तयार होतो. मध्ये बुडबुडा आला तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा आवळण्यात जातो आणि नोझल बंदच राहतो. सकाळी इंजिन लगेच पेटतं, फिल्टरमध्ये असलेलं डिझेल संपेपर्यंत चालतं आणि मग आचके देत बंद पडतं. ही हवेची अगदी ठरलेली खूण आहे. रोज हातपंप (हाताने डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) मारल्याशिवाय चालू होत नसेल तरी तेच समजा.

दोष कुठल्या बाजूला आहे हे कॅनने ठरतं. ५ लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या, तो फीड पंपाच्या वर घट्ट बांधा आणि नवा पाइप थेट फीड पंपाच्या आत जाणाऱ्या तोंडाला जोडा. हवा काढून (कशी, ते पुढे दिलंय) इंजिन चालवा. परतीचा पाइप टाकीतच राहू द्या, फक्त कॅन रिकामा होऊ देऊ नका. अर्धा तास इंजिन नीट चाललं तर दोष टाकीपासून फीड पंपापर्यंतच आहे. तिथे हे बघा:

- टाकीची हवा घ्यायची नळी. मीठ, रंग किंवा कुंभारमाशीच्या मातीने ती बुजते, टाकीत पोकळी तयार होते, आणि इंजिन थोडा वेळ चालून मरतं, थांबून पुन्हा पेटतं. त्या वेळी टाकीचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा आवाज आला तर दोष सापडला.
- टाकीच्या आतली जाळी आणि फीड पंपाच्या तोंडाची छोटी जाळी. दुसरी असते हेच अनेकांना माहीत नसतं.
- रबरी पाइप. बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतलं अस्तर सुटून ओढ लागली की झडपेसारखं बंद होतं. शंका आली तर बदलाच.
- बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर. एकदा आवळलेला वायसर कडक होतो आणि परत नीट बसत नाही. नवे नसतील तर लालबुंद तापवून पाण्यात टाका, मऊ होतात. इथे टेफ्लॉन टेप लावू नका. तिने हवा थांबत नाही, आणि तिचे तुकडे पुढे फ्युएल पंपात आणि नोझलमध्ये जातात.
- पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या काचेच्या वाटीचं रबर.

हवा काढताना टाकीकडून नोझलकडे जायचं. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) दोन फेरे सैल करा आणि हातपंप मारत राहा. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल येईल. डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. दुसरा फिल्टर असेल तर तिथेही हेच, मग फ्युएल पंपावरच्या स्क्रूला. हातपंपाला काहीच जोर लागत नसेल आणि तो लिव्हरचा असेल, तर फीड पंप हलवणारा इंजिनाचा कॅम उचललेल्या जागी अडकलाय. इंजिन एक फेरा फिरवून पुन्हा मारा. दट्ट्याचा हातपंप असेल तर काम झाल्यावर त्याची मूठ खाली दाबून घट्ट आवळा, सैल राहिली तर तिथूनच हवा शिरते. शेवटी नोझलच्या टोकाचे पाइपचे नट एक फेरा सैल करा, थ्रॉटल पूर्ण द्या आणि १० सेकंद सेल्फ मारा. डिझेल उडायला लागलं की नट आवळा. प्रत्येक वेळी सेल्फला एक मिनिट विश्रांती द्या.

यात हात जवळ नेऊ नका. या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. वर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आतलं मांस सडू लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच रुग्णालय गाठा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा.

पाण्याचं बघायचं तर टाकीच्या तळाच्या कॉकमधून पारदर्शक बाटलीत डिझेल काढा आणि १० मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं. मध्ये काळपट बुळबुळीत थर दिसला तर ते पाणी आणि डिझेलच्या सीमेवर वाढणारे जीवाणू आणि बुरशी आहेत. औषध टाकून ते मरतात, पण मेलेला गाळ फिल्टरमध्येच येतो, म्हणून टाकी धुणंच बरं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोट शाकारलेली असताना टाकी काठोकाठ भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होऊन ते तळाशी उतरतं. झाकणाचं रबर दर हंगामाला नवं घाला, डेक धुतानाचं खारं पाणी तिथूनच आत जातं.

वीज

काही तास विसावलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. २४ व्होल्टच्या जोडीत दोन्ही वेगवेगळ्या मोजा. आणि इथे एक चूक सर्रास दिसते: वायरलेस, फिश फाइंडर किंवा दिव्यांसाठी जोडीतल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतलेले असतात. ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उकळते, आणि दोन्ही अकाली जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा, आणि बॅटऱ्या जोडीनेच बदला.

सेल्फचा आवाज नीट ऐका. टकटकटक असा सलग आवाज बॅटरी उतरल्याचा किंवा टर्मिनल लूज असल्याचा. एकच जोरदार ठोका पडून पुढे काही नाही, तर सेल्फवरच्या सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट जळलेत किंवा सेल्फचे कार्बन संपलेत. काहीच आवाज नाही, तर किल्ली, फ्यूज किंवा सोलेनॉइडला जाणारी बारीक तार.

बॅटरी चांगली असून सेल्फ संथ फिरत असेल तर केबलची परीक्षा घ्या. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या प्लस खुंटावर (वरच्या क्लॅम्पवर नाही) आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवा, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधला एखादा सांधा खराब आहे. मग तेच बॅटरीच्या मायनस खुंटापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत, तिथे ०.३ च्या वर नको. सेल्फ २०० अँपिअर ओढत असेल तर ०.०१ ओहमचा गंजही २ व्होल्ट खातो. दिवा लागतो म्हणजे केबल चांगली, असं म्हणता येत नाही ते यामुळेच. सेल्फ फिरताना बॅटरीवर ९.६ च्या खाली गेलं तर मात्र बॅटरीच थकली आहे.

लाकूड आणि फायबर वीज वाहत नाहीत. गाडीसारखं बॉडीला अर्थिंग इथे मिळत नाही, प्रत्येक मायनस तारेने परत बॅटरीपर्यंत आणावा लागतो. त्यामुळे अर्धे दोष मायनसच्या सांध्यातच निघतात. तारेचं टोक सोला: आत काळी पडली असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. कल्हई केलेल्या तांब्याची तार, दाबून बसवलेला लग (तारेच्या टोकाचा धातूचा डोळा) आणि वर गोंदवाली हीट श्रिंक नळी, एवढं केलं की बरेच हंगाम बघावं लागत नाही. काळी टेप खारं पाणी आत धरून ठेवते, तिचा उपयोग नाही. पेट्रोलियम जेली लावायची ती टर्मिनल घासून आवळल्यावर, आधी नाही. बॅटरीला पाना लावताना पहिला मायनस काढा, आणि खोलीत हवा खेळू द्या. चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते.

चालू इंजिनावर १३.८ ते १४.४ व्होल्ट (जोडीवर २७.६ ते २८.८) दिसले तर अल्टरनेटर ठीक. कमी असेल तर आधी पट्टा. मधोमध अंगठ्याने दाबून साधारण १०-१२ मिलिमीटर दबला पाहिजे. मग डॅशवरचा चार्जिंगचा दिवा बघा. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो, बल्ब गेला की चार्जिंग सुरू होत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नका, मेन स्विचही बंद करू नका. डायोड त्याच क्षणी जातात.

नोझल आणि पंप

इंजिन चालतंय पण थरथरतंय, तर कमी स्पीडवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट चिंधी गुंडाळून, हातमोजा घालून थोडा सैल करा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर तिथला नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून बघा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल गेला. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन किंवा फ्युएल पंपातला त्या सिलिंडरचा भाग.

स्वच्छ, बिनबुडबुड्याचं डिझेल फ्युएल पंपापर्यंत येतंय, स्टॉप लिव्हर मोकळा आहे, सेल्फ जोरात फिरतोय, आणि तरी नोझलच्या टोकाला डिझेल उडत नाही, तरच पंप काढायचा. काढण्याआधी पहिला सिलिंडर टायमिंगच्या खुणेवर आणा, पंपाच्या फ्लँजवर (इंजिनाला टेकणाऱ्या कडेवर) आणि इंजिनावर छिन्नीने एक सरळ रेघ मारा, आणि उघडी तोंडं प्लॅस्टिकच्या टोपणांनी बंद करा. त्यांत चिंधी कोंबू नका, तिचा धागा आत गेला तर दुरुस्त होऊन आलेला पंपही नोझल तुंबवतो.