‘बालहत्येला फाशी’चं विधेयक : कसं वाचायचं, त्यावर सूचना कशी लिहायची

‘लहान मुलांच्या मारेकऱ्यांना फाशीचा कायदा करा’ अशी मागणी होते, विधेयक येतं, वर्तमानपत्रात मथळा येतो. मथळ्यापुढे जाऊन विधेयक वाचणारे फार थोडे, कारण ते कसं वाचायचं हे कुणी सांगत नाही. वकील नसलेल्या पण दोन संध्याकाळ द्यायची तयारी असलेल्या कार्यकर्त्यांसाठी, शिक्षकांसाठी, पत्रकारांसाठी ही पद्धत आहे.

आधी आजचा कायदा समोर ठेवा

मुलाचा खून हा खूनच असतो, आणि खुनाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(१) मध्ये दोनच शिक्षा आहेत : मृत्युदंड किंवा जन्मठेप, वर दंड. म्हणजे फाशी आजही आहे. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत कायदा आणखी पुढे गेला आहे. १२ वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला कलम ६५(२), १८ वर्षांखालील मुलीवरील सामूहिक बलात्काराला कलम ७०(२), अत्याचारात बळी गेल्यास कलम ६६, या तिन्हींत मृत्युदंडाची तरतूद आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम ६ मध्ये ती २०१९ च्या दुरुस्तीने आली आणि तिथे मुलगा-मुलगी असा भेद नाही. कोपर्डीतल्या शाळकरी मुलीवरील बलात्कार आणि खुनाची घटना १३ जुलै २०१६ ची. अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली २९ नोव्हेंबर २०१७ ला. त्यासाठी नवा कायदा लागला नव्हता.

मग विधेयक नेमकं काय बदलतंय? दुरुस्ती विधेयक नुसतं वाचून काही कळत नाही. त्यात ‘मुख्य अधिनियमाच्या कलम अमुकमधील तमुक शब्दांऐवजी पुढील शब्द दाखल करण्यात येतील’ अशीच वाक्यं असतात. कागदाचे दोन उभे भाग करा. डावीकडे आजचं कलम शब्दशः उतरवा. उजवीकडे तेच कलम विधेयकातले बदल घालून लिहा. फरकाच्या शब्दांखाली रेघ मारा. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळलं की पुढचं सगळं हवेत जातं.

कलमांचे क्रमांक जपून बघा. भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ पासून गेली, तिच्या जागी न्याय संहिता आली. महिला आणि मुलांवरील अत्याचारांना कडक शिक्षा देणाऱ्या महाराष्ट्राच्या शक्ती विधेयकाचं घोडं इथेच अडलं : ते डिसेंबर २०२० मध्ये मांडलं गेलं, संयुक्त समितीकडे गेलं, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झालं आणि राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं. संमती आली नाही, आणि ज्या दंड संहितेत दुरुस्ती करायची होती ती संहिताच मधल्या काळात रद्द झाली. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद राज्याला करायची असेल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते, आणि ती किती दिवसांत द्यायची याचं बंधन अनुच्छेदात लिहिलेलं नाही. ज्याच्यावरून शक्तीची कल्पना आली ते आंध्र प्रदेशचं २०१९ चं दिशा विधेयकही याच वाटेवर थांबलं. म्हणून पहिल्या पानावर बघायची गोष्ट एकच : विधेयक संसदेचं की विधिमंडळाचं.

‘किंवा’ हा शब्द शोधा

उजव्या रकान्यात शिक्षेचं वाक्य काढा. ते ‘मृत्युदंडाची किंवा आजन्म कारावासाची शिक्षा देण्यात येईल’ असं असेल तर पुढे जा. ‘मृत्युदंडाची शिक्षा देण्यात येईल’ एवढंच असेल, तर ते कलम मंजूर होऊनही न्यायालयात टिकणं कठीण आहे.

जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने खून केला तर फाशीच, असं जुन्या दंड संहितेचं कलम ३०३ सांगत होतं. मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं, कारण न्यायाधीशाला आरोपी आणि परिस्थिती बघायला जागाच उरत नव्हती. शस्त्र कायद्याचं कलम २७(३) याच कारणाने २०१२ मध्ये गेलं. तरी पश्चिम बंगाल विधानसभेने ३ सप्टेंबर २०२४ ला मंजूर केलेल्या अपराजिता विधेयकात कलम ६६ साठी मृत्युदंड ही एकच शिक्षा ठेवली. सभागृहात टाळ्या मिळवणारा शब्द आणि न्यायालयात टिकणारा शब्द बहुधा एक नसतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे ‘बळी लहान मूल असल्यास ते प्रकरण दुर्मिळातलं दुर्मिळ मानावं’ असं कलम. फाशी फक्त अशाच प्रकरणात द्यावी हा निकष १९८० च्या बचनसिंग निकालापासून आहे, आणि १९८३ च्या मच्छीसिंग निकालाने जे पाच प्रकार सांगितले त्यात निष्पाप बालकाचा खून आहेच. कायद्यात ते पुन्हा लिहून फारसं काही वाढत नाही. न्यायाधीशाला गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघावा लागतो. २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालाने तर मानसिक तपासणीचा आणि तुरुंगातल्या वर्तनाचा अहवाल मागवण्याची पद्धत घालून दिली. ती पाळली नाही तर काय होतं, ते नागपूरजवळच्या वाडीतल्या चार वर्षांच्या मुलीच्या खुनाच्या खटल्यात दिसतं. २००८ ची घटना, २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाकडून फाशी कायम, २०१७ ला फेरविचार अर्ज फेटाळला, राष्ट्रपतींनी दयाही नाकारली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेचा प्रश्न नव्याने ऐकायचं ठरवलं. घटनेला सतरा वर्षं झाली होती. विधेयकात हे अहवाल सत्र न्यायालयातच, ठरावीक दिवसांत, अमुक अधिकाऱ्याने आणावेत असं कलम असेल तर ते मथळ्यातल्या फाशीपेक्षा कामाचं आहे. नसेल तर सूचना तिथे करा.

वय : मुलाचं आणि आरोपीचं

‘बालक’ म्हणजे कोण? १२, १६ की १८? व्याख्या नसेल तर ती पॉक्सोतली, म्हणजे १८ खालची, घेतली आहे का ते बघा. मुलगे त्यात येतात का, हेही.

आरोपीच्या वयाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २१ नुसार गुन्ह्याच्या वेळी १८ खालच्या आरोपीला फाशी देता येत नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. वय ठरवताना कलम ९४ चा क्रम आहे : शाळेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. पुण्यात १९९४ मध्ये राठी कुटुंबातल्या हत्याकांडात पाच बायका आणि दोन मुलं मारली गेली. फाशी सुनावलेल्यांपैकी एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे राजस्थानातल्या शाळेच्या नोंदवहीवरून सिद्ध झालं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये त्याला सोडलं तेव्हा २८ वर्षं तुरुंगात गेली होती. म्हणून ‘अटकेनंतर ठरावीक दिवसांत वयाचे कागद न्यायालयापुढे ठेवावेत’ हे एक ओळीचं कलम मागा.

आता सगळ्यात अवघड भाग. आपल्याकडे नवजात अर्भकाची हत्या हा वेगळा गुन्हा नाही. इंग्लंडमध्ये बाळंतपणानंतर मनाचा तोल ढळलेल्या आईसाठी १९३८ चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे अशी आई थेट खुनाच्या कलमाखाली उभी राहते. ‘बालकाचा खून म्हणजे फाशी’ असं सरसकट लिहिलं की फसवून सोडून दिलेली, ओली बाळंतीण असलेली मुलगी आणि अपहरण करून मूल मारणारा टोळीवाला एकाच ओळीत बसतात. मागणी करणाऱ्या कुणाच्याच मनात ते नसतं, पण कायदा मनातलं वाचत नाही. बाळाच्या जन्मापासून १२ महिन्यांत आईकडून झालेल्या मृत्यूला हे कलम लागू नाही, असं परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेला अपवाद, सुचवा.

दिवस मोजा, मग पैसे मोजा

दिशा विधेयकात तपासाला ७ दिवस आणि खटल्याला १४ कामकाजाचे दिवस होते. शक्तीच्या मूळ मसुद्यात तपासाला १५ दिवस होते. समितीने ते ३० केले. आजचा कायदा बलात्कार आणि पॉक्सोच्या गुन्ह्यांच्या तपासाला दोन महिने देतो. छोटी मुदत दिसली की एक तपासा : न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा डीएनए अहवाल त्या मुदतीत येणार कसा? अहवालाशिवाय दोषारोपपत्र गेलं, तर बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो, आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. घाईत गोळा केलेला पुरावा शिक्षा जितकी मोठी तितका जास्त बारकाईने तपासला जातो.

शेवटच्या पानांवर ‘वित्तीय ज्ञापन’ असतं. विशेष न्यायालयं, सरकारी वकील, प्रयोगशाळेतली पदं यांचा खर्च तिथे दिसला पाहिजे. न्यायालयं जाहीर केली आणि ज्ञापनात ‘अतिरिक्त खर्च अपेक्षित नाही’ असं असेल, तर आहे त्याच न्यायाधीशांच्या दारावर नवी पाटी लागणार आहे. सोबतचं दुसरं विधेयकही मागून घ्या. शक्तीच्या वेळी विशेष न्यायालयांचं विधेयक वेगळं होतं.

सोबत काय चिकटवलंय तेही बघा. शक्तीमध्ये खोट्या तक्रारीला शिक्षा देणारं कलम होतं. मुलाच्या बाबतीत पॉक्सोचं कलम २२ खोट्या माहितीबद्दल त्याला शिक्षा करायला मनाई करतं. नवं कलम त्याला छेद देत नाही ना?

शिक्षेनंतरचा रस्ता

सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही (फौजदारी खटल्यांच्या प्रक्रियेचा नवा कायदा, म्हणजे नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०७). नंतर सर्वोच्च न्यायालय, फेरविचार, आणि दयेचा अर्ज. नव्या संहितेच्या कलम ४७२ ने अर्ज करायला ३० दिवसांची मुदत घातली. निर्णय देणाऱ्यावर मात्र मुदत नाही. कोल्हापूरच्या गावित बहिणींचं उदाहरण महाराष्ट्राला पाठ असायला हवं. १९९० ते १९९६ दरम्यान मुलं पळवून मारल्याबद्दल २००१ मध्ये फाशी, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून कायम. दयेच्या अर्जांवर अनेक वर्षं गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नेमक्या या दिरंगाईमुळे फाशीची जन्मठेप केली. कायदा कमी पडला नाही, फाइल हलली नाही. राज्य सरकारने आपला अभिप्राय किती दिवसांत पाठवायचा, हे राज्याला स्वतःच्या नियमांत लिहिता येतं.

कुटुंबांचा खरा प्रश्न बहुतेक वेळा ‘चौदा वर्षांनी तो परत गल्लीत येणार का’ हा असतो. इथे मात्र कायद्यात खरोखर फट आहे. कलम ६५(२) मधली जन्मठेप म्हणजे उरलेलं नैसर्गिक आयुष्य. कलम १०३ मध्ये तसं लिहिलेलं नाही, तिथे १४ वर्षांनंतर सुटकेचा विचार होऊ शकतो. अत्याचार नसलेल्या बालहत्येत, म्हणजे खंडणी, नरबळी, सूड यांत, ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्य’ हा पर्याय न्यायाधीशाला द्या, अशी सूचना नवी आहे आणि टिकणारी आहे.

सूचना लिहिताना

विधेयक समितीकडे गेलं की सूचना मागवल्या जातात. केंद्राच्या मसुद्यासाठी २०१४ च्या धोरणाप्रमाणे ३० दिवस असतात. एका खंडाला (विधेयकातल्या कलमाला खंड म्हणतात) एक सूचना, अर्ध्या पानाच्या आत. साचा असा :

‘खंड ४. प्रस्तावित : “मृत्युदंडाची शिक्षा देण्यात येईल.” बदल : “मृत्युदंडाची किंवा उर्वरित नैसर्गिक आयुष्यापर्यंत कारावासाची शिक्षा देण्यात येईल.” कारण : एकमेव शिक्षा म्हणून मृत्युदंड ठेवणारी तरतूद मिठू (१९८३) निकालानुसार टिकत नाही, कलम रद्द झाल्यास त्याखालच्या सर्व शिक्षा धोक्यात येतील.’

‘नराधमांना भर चौकात’ वगैरे लिहिलेली पत्रं ढिगात जातात. हजार सह्यांचं एक छापील निवेदन एकच धरलं जातं. अत्याचाराच्या प्रकरणात मुलाचं नाव, गाव-शाळेची ओळख, फोटो घालू नका. न्याय संहितेचं कलम ७२ आणि पॉक्सोचं कलम २३ यांनी त्याला मनाई आहे. कायद्याला त्या मुलीचं नाव द्या, ही मागणी इथेच अडते. निर्भया, दिशा, शक्ती, अपराजिता ही सगळी ठेवलेली नावं आहेत ती त्यामुळेच. आणि ज्या घटनेवरून विधेयक आलं तिच्या आरोपीला वाढीव शिक्षा लागू होणार नाही, अनुच्छेद २०(१) ते होऊ देत नाही. कुटुंबाला हे आधीच सांगा. त्यांच्यासाठी आज काय आहे तेही सांगा : अत्याचारपीडितांना मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडचा भरपाईचा अर्ज.

पत्राची पोच घ्या. समितीचा अहवाल आला की आधी मागची भिन्नमतपत्रिका, म्हणजे असहमत सदस्यांचं म्हणणं, वाचा. खरा वाद तिथे असतो. विधेयक दिल्लीला गेल्यावर दर सहा महिन्यांनी गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांचा अर्ज टाका : केंद्राने कोणत्या खंडांवर शंका विचारल्या, कोणत्या तारखेला, आणि राज्याने उत्तर कधी पाठवलं.