लिसन मी की लिसन टू मी? इंग्रजी क्रियापदाची जोडी कशी जमवावी

'मी तुझं ऐकतोय' हे इंग्रजीत सांगायचं झालं की मी कित्येक वर्षं बिनधास्त 'आय ॲम लिसनिंग यू' म्हणत असे. समोरच्याला अर्थ कळायचा, त्यामुळे कुणी टोकलं नाही. एकदा फोनवर पलीकडचा माणूस सहज 'आय ॲम लिसनिंग टू यू' म्हणाला आणि कान टवकारले. हा 'टू' आला कुठून? 'तुझं' या शब्दात तर 'ला' कुठेच नाही!

गोची इथेच आहे. मराठीत नात्यांचा भार नाम आपल्या अंगावर घेतं: घराला, घरात, घरावर, घराशी. इंग्रजीत नाम जसंच्या तसं राहतं. त्याच्या आधी एक छोटा शब्द, म्हणजे प्रिपोझिशन, येतो, आणि तो कोणता यायचा हे बरेचदा क्रियापद ठरवतं. म्हणून "'वर'ला इंग्रजीत काय म्हणतात?" हा प्रश्नच फसवा. 'तिच्यावर अवलंबून असतो' याचं 'डिपेंड्स ऑन हर' होतं, इथवर ठीक. पण 'तिच्यावर ओरडतो' म्हणजे 'शाउट्स ॲट हर', आणि 'तिच्यावर प्रेम करतो' म्हणजे नुसतं 'लव्ह्ज हर', मध्ये काहीच नाही. मराठीत एकच 'वर', इंग्रजीत तीन तऱ्हा.

तेव्हा पहिलं काम म्हणजे क्रियापद एकटं पाठ करणं थांबवायचं. वहीत 'वेट म्हणजे थांबणे' असं लिहू नका. 'वेट फॉर म्हणजे कुणाची तरी वाट पाहणे' असं लिहा. मराठीच्या बाजूलाही 'ची', 'कडे', 'ला' लिहायला विसरू नका, कारण घोटाळा त्याच प्रत्ययापाशी होतो. सुरुवातीला रोजच्या वापरातल्या डझनभर जोड्या पुरेत: लिसन टू, लुक ॲट, वेट फॉर, आस्क फॉर, पे फॉर, टॉक टू, थिंक अबाउट, लाफ ॲट, डिपेंड ऑन, बिलाँग टू, ॲग्री विथ, स्पेंड ऑन. प्रत्येकीपुढे स्वतःच्या दिवसातलं एक खरं वाक्य लिहा. छापील उदाहरण लक्षात राहत नाही, आपलं राहतं.

'लुक'पाशी मात्र जरा रेंगाळा. 'लुक ॲट' म्हणजे कशाकडे तरी बघणं. 'लुक फॉर' म्हणजे शोधणं, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं आणि 'लुक इन्टू' म्हणजे एखाद्या प्रकरणात लक्ष घालणं. 'शी लुक्स फॉर हर सन' म्हटलं तर ती मुलाला शोधतेय, 'शी लुक्स आफ्टर हर सन' म्हटलं तर सांभाळतेय. क्रियापद तेच, मागचा शब्द बदलला की गोष्टच बदलते. म्हणून या चार मी चार वेगळी क्रियापदं समजूनच शिकलो.

आता वर्तमानकाळ. ही, शी, इट किंवा एकवचनी नाम कर्ता असेल तर क्रियापदाला 'एस' लागतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी मध्ये प्रिपोझिशन आलं की बोलताना तो हमखास गळतो. एकच वाक्य घ्या आणि मोठ्याने फिरवा:

शी लिसन्स टू द रेडिओ.
शी डझन्ट लिसन टू द रेडिओ.
डझ शी लिसन टू द रेडिओ?
व्हॉट डझ शी लिसन टू?

नकारात आणि प्रश्नात 'एस' क्रियापदावरून उठून 'डू'वर जाऊन बसतो, 'डझ' होतो. 'टू' मात्र क्रियापदाची पाठ सोडत नाही. चौथ्या वाक्यात तर 'टू'च्या पुढे काहीच उरलेलं नाही, तरी तो हवाच. आपण नेमका इथे तो टाकून देतो, कारण शेवटी लोंबकळणारा शब्द मराठी कानाला अर्धवट वाटतो. इंग्रजांमध्येही त्यावर नाक मुरडणारे होऊन गेले. जॉन ड्रायडन या कवीने १६७२ साली नाटककार बेन जॉन्सनच्या ओळीत शेवटी आलेल्या अशाच प्रिपोझिशनला नावं ठेवली होती. रोजच्या बोलण्याने त्याला दाद दिली नाही. 'हू डू यू वर्क फॉर?' हेच स्वाभाविक इंग्रजी.

उच्चाराचीही एक गंमत आहे. वाक्याच्या मध्ये हे शब्द अगदी दबके उच्चारले जातात. 'वेट फॉर मी' मधला 'फॉर' जेमतेम 'फ' इतकाच ऐकू येतो, म्हणून तो नाहीच असं वाटतं. वाक्याच्या शेवटी आला की पूर्ण वाजतो. 'व्हॉट आर यू वेटिंग फॉर?' कान लावून ऐका, फरक कळेल.

चालू वर्तमानकाळातही जोडी तशीच राहते: 'आय ॲम वेटिंग फॉर हिम'. मात्र 'बिलाँग टू' आणि 'कन्सिस्ट ऑफ' (कशाचं तरी बनलेलं असणं) यांना 'आयएनजी' लावून चालू काळ करू नका. 'धिस बॅग बिलाँग्ज टू मी', बस्स.

प्रिपोझिशननंतर पुन्हा क्रियापद आणायचं असेल तर त्याला 'आयएनजी' लागतो. 'आय थिंक अबाउट चेंजिंग माय जॉब.' पत्रात आणि मेलमध्ये सर्वांत जास्त फसवतं ते 'लुक फॉरवर्ड टू'. इथला 'टू' प्रिपोझिशन आहे, त्यामुळे 'टू मीट यू' नाही, 'टू मीटिंग यू'. शंका आली तर पुढे नाम ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू द मीटिंग' बसतं ना? मग 'आयएनजी' हवा.

आता उलटी चूक, म्हणजे नको तिथे शब्द घुसडणं. 'च्याबद्दल चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट', 'च्याशी लग्न' म्हणून 'मॅरी विथ', 'च्याशी संपर्क' म्हणून 'कॉन्टॅक्ट विथ', 'पर्यंत पोहोचणे' म्हणून 'रीच टू'. ही चारही क्रियापदं मधला शब्द घेत नाहीत: वुई डिस्कस द प्लॅन, शी कॉन्टॅक्ट्स मी, द ट्रेन रीचेस द स्टेशन. गोंधळ होण्यामागे आणखी एक कारण आहे. त्यातल्या काहींच्या नामरूपाला आणि विशेषणाला प्रिपोझिशन लागतं. 'डिस्कशन अबाउट', 'इन कॉन्टॅक्ट विथ', 'मॅरीड टू' हे सगळं बरोबर आहे. 'ॲन्सर'चंही तसंच: 'शी ॲन्सर्स द क्वेश्चन', पण 'द ॲन्सर टू द क्वेश्चन'. वहीत मधला शब्द न घेणाऱ्या या क्रियापदांपुढे ठळक शून्य काढा. मी लाल पेनाने काढतो.

शेवटची अडचण 'टर्न ऑन', 'पिक अप' यांची. दिसायला 'लुक ॲट'सारख्याच, पण घडण वेगळी. ओळखायची खूण म्हणजे नामाच्या जागी 'इट' घालून बघणं. दिवा लावताना 'टर्न इट ऑन' म्हणतात, 'इट' मध्ये शिरतो. 'लुक इट ॲट' मात्र कधीच होत नाही, तिथे 'लुक ॲट इट'च. जोर कुठे पडतो तेही ऐका: 'टर्न इट ऑन' मध्ये 'ऑन' ठसठशीत ऐकू येतो, 'लुक ॲट इट' मध्ये 'ॲट' पुटपुटल्यासारखा. नवी जोडी वहीत चढवताना तिच्यापुढे 'इट' घातलेलं रूपच लिहा, म्हणजे ती कोणत्या जातीची ते वेगळं पाठ करावं लागत नाही.