द्रव आणि वायू वेगळे कसे करावेत, ओळखावेत कसे

मिश्रण हाती आले की आधी त्यातल्या पदार्थांत फरक कशाचा आहे ते बघा: घनतेचा, उत्कलनबिंदूचा की विद्राव्यतेचा? ज्या फरकामुळे पदार्थ वेगळे होतात, त्यावरूनच पुष्कळदा त्यांची ओळखही पटते. गॉगल घाला, खोली हवेशीर ठेवा आणि निरीक्षणे तिथल्या तिथे वहीत लिहा.

न मिसळणारे द्रव

केरोसीन आणि पाणी विलगकारी नरसाळ्यात (खाली तोटी आणि वर बूच असलेल्या काचेच्या नरसाळ्यात) ओता आणि दोन थर स्पष्ट दिसेपर्यंत हात लावू नका. तोटी फिरवण्याआधी वरचे बूच काढा. ते तसेच राहिले तर आत हवा शिरत नाही आणि धार अडते. खालचे पाणी सोडत जा. दोन थरांमधली रेषा तोटीजवळ आली की थेंब थेंब सोडा. रेषेलगतचे थोडे मिश्रण वेगळ्या चंचुपात्रात घ्या. वरचे केरोसीन मात्र नरसाळ्याच्या तोंडातूनच ओता, नाहीतर नळीतले पाणी त्यात उतरते.

पाणी नेहमी खालीच असते असे नाही. क्लोरोफॉर्मवर ते तरंगते. शंका आली तर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब सोडा. तो ज्या थरात मिसळून जाईल, तो थर पाण्याचा.

मिसळणारे द्रव

ॲसिटोन 56 अंश सेल्सिअसला उकळते, पाणी 100 अंशांना. म्हणून इथे ऊर्ध्वपातन करा, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ थंड करून पुन्हा द्रवरूपात गोळा करा. ॲसिटोन झटकन पेट घेते, तेव्हा जवळपास ज्योत नको. चंबू गरम पाण्यात ठेवूनच तापवा. तापमापीचा फुगा बाजूच्या नळीच्या तोंडासमोर हवा, द्रवात बुडालेला नको. शीतकात, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळीभोवतीच्या आवरणात, पाणी खालून आत, वरून बाहेर. तापमान 56च्या आसपास रेंगाळले की ॲसिटोन येते आहे असे समजा. ते वर सरकू लागताच पात्र बदला.

चंबूत उरलेल्या द्रवाने पांढरा निर्जल (पाण्याचा अंश काढून टाकलेला) मोरचूद निळा झाला, तर त्यात पाणी आहे एवढेच कळते. ते शुद्ध आहे का, हे उत्कलनबिंदूच सांगतो.

वायू

हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्यावर, म्हणजे पाण्याने भरलेल्या उलट्या पात्रात नळीने सोडून, गोळा करा. अमोनिया पाण्यात भरपूर विरघळतो आणि हवेपेक्षा हलका असतो, म्हणून तो उलट्या, कोरड्या पात्रात. पहिल्या पात्रात बहुतेक नळीतली हवाच येते. ते बाजूला ठेवा. परीक्षानळी तापवून वायू काढत असाल तर बर्नर बंद करण्याआधी नळी पाण्याबाहेर काढा, नाहीतर गार पाणी ओढले जाऊन तापलेली परीक्षानळी तडकते.

आता ओळख. धुमसती काडी पेटली तर ऑक्सिजन. छोट्या परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेताच फट् आवाज झाला तर हायड्रोजन. ओला लाल लिटमस निळा झाला तर अमोनिया. काडी विझली म्हणून लगेच कार्बन डायऑक्साइड ठरवू नका, नायट्रोजनमध्येही ती विझते. वायू चुन्याच्या निवळीत सोडा. निवळी दुधाळ झाली तर तो कार्बन डायऑक्साइड. वायू बराच वेळ सोडत राहिलात तर ती पुन्हा स्वच्छ होते, म्हणून सुरुवातीपासून लक्ष ठेवा.

ऑक्सिजनमध्ये कार्बन डायऑक्साइड मिसळला असेल तर मिश्रण कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून जाऊ द्या; कार्बन डायऑक्साइड तिथेच शोषला जातो. बाहेर पडणारा वायू ताज्या निवळीतून सोडून पाहा. ती दुधाळ झाली नाही, तरच ऑक्सिजन गोळा करायला घ्या.